मूळचे कोण?

कुठलाही कागद हातात आला की तो आधी उलटा करून मागची बाजू बघायचा. मग पुढची वाचायचा आणि मान वर करून विचारायचा, "याची ओरिजिनल कुठाय?" अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या औषध कंपनीत तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता आणि मी त्याच्या हाताखाली. अशा विभागात काम केलं असेल तर हा माणूस तुम्हालाही भेटलेला असणार. जिची नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, हा त्याचा धर्म. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पेढे नेले, तर त्याने सर्टिफिकेट मागितलं. तो विनोद होता असं मी अजून धरून चाललो आहे.

त्याचं आडनाव सान्सूसी. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बिनघोर. इतकं न शोभणारं आडनाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही दर शनिवारी कॉफीला भेटायचो. एका शनिवारी त्याने कपाला हातच लावला नाही. उत्तरेकडच्या मेन राज्यात राहणारी त्याची थोरली बहीण हॉस्पिटलात होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. सात वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं.

कारण ऐकून मला त्याचा रागच आला. सात वर्षांपूर्वी त्याने पूर्वज शोधायला घेतले. आजोबा कॅनडातल्या क्वेबेकहून मेनच्या कापडगिरणीत आलेले. त्यांच्या गावच्या चर्चमधल्या नोंदींची छापील सूची मागवली, तर तिच्यात सान्सूसी कुणी नाहीच. आजोबांच्या जन्मतारखेला त्याच नावाचा एक मुलगा होता, पण आडनाव मिशो. ख्रिसमसच्या जेवणावर सगळ्यांदेखत याने जाहीर केलं की आजोबांनी कुणाचं तरी नाव चोरलं, आपण सान्सूसी नव्हेच. वडिलांचं शेवटपर्यंत सगळं करणारी बहीण भरल्या ताटावरून उठली.

मी त्याला सांगितलं, आम्ही आज कुलकर्णी, पण मूळचे जोशी. कुणा पूर्वजाला गावचं कुलकर्णीपण मिळालं आणि तेच आडनाव चिकटलं. लग्न ठरवताना आमच्यात अजून विचारतात, मूळचे कोण? तुमच्यात असं काही नसतं का?

तो तडक घरी गेला आणि शोधू लागला. असतं. फ्रान्सच्या राजाचे शिपाई कॅनडात उतरले, तेव्हा त्यांना पलटणीतली टोपणनावं होती. पुढे घराणी दोन्ही आडनावं लावू लागली, कधी हे तर कधी ते. मिशो उर्फ सान्सूसी. सूची करणाऱ्याने एकच लिहून घेतलं आणि याने एका माणसाची दोन माणसं केली. पण खात्रीसाठी चर्चच्या मूळ पानाची प्रत हवी, आणि ती यायला दहा दिवस लागणार होते.

"आधी बहिणीला फोन कर," मी म्हणालो.

"मागे अर्धवट कागदावर बोललो. आता मूळ पान बघितल्याशिवाय तोंड उघडणार नाही."

ते दिवस फार वाईट गेले. तो रोज पोस्टाची पेटी उघडून बघायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे. बायको वैतागून म्हणाली, "अहो, त्याला फ्लाइट बुक करायला सांगा ना. पेपर आला तर तुम्ही कलेक्ट करा." आठव्या दिवशी भाचीचा फोन आला, असशील तसा नीघ. विमानतळापर्यंत मी त्याला नको नको ते बोललो. उतरताना त्याने पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. मी तिथंच उभ्याउभ्या फोडलं. पाद्र्याच्या तिरक्या अक्षरात दोन्ही आडनावं एकाच ओळीत होती. मी फोन लावला. तो बहिणीच्या उशाशीच होता. त्याने फोन स्पीकरवर ठेवला आणि मी ती ओळ वाचून दाखवली.

"आजोबांनी काही चोरलं नव्हतं," तो तिला म्हणाला.

मागे हॉस्पिटलातल्या यंत्राची टिकटिक चालू होती. मग एक थकलेला आवाज आला. "दोन्ही नावं मला बाबांनी सांगितली होती. त्या दिवशी जेवताना मी तेच सांगत होते. तू म्हणालास, कागद दाखव."

 मला फोन ठेववेना. मग अगदी धाकट्या भावाच्या आवाजात त्याने विचारलं, "बाबांनी आणखी काय सांगितलं होतं?"

ती सांगू लागली. एकेक नाव, मध्ये धाप. त्याने खिसे चाचपल्याची सळसळ ऐकू आली.

"लिहू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ."

मी हळूच फोन बंद केला.