नानांचं ढोलक

यादवनानांचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे, आणि त्यांच्याशीच मी खोटं बोललो. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

बाप कामासाठी बाहेरगावी असायचा. शाळा संपल्यावर माझी कपड्यांची पेटी खांद्यावर घेऊन, आमच्या चर्चमध्ये ढोलक वाजवणाऱ्या नानांनीच मला देवपूरच्या वसतिगृहात सोडलं. घरातला पहिला पदवीधर झालो, पाळक झालो, आणि धरणगावकडच्या आमच्याच चर्चमध्ये परत आलो — तेव्हा बाकं रिकामी होती. तरुण शहरातल्या नव्या प्रार्थनासभेला जायचे. चर्च बंद पडेल, आणि तेही माझ्याच हातून — या भीतीनं झोप लागेना.

मग कीबोर्ड आणला, पडद्यावर गीतं आणली. पण नानांचं ढोलक? त्यांची अहिराणी भजनं? तरुण हसायचे. ते थांबवायचं ठरवलं — मी एकट्यानं. नानांना मात्र म्हणालो, "चर्चच्या वरच्या कार्यालयाचा हुकूम आहे." तोंडावर सांगायची हिंमत कुठे होती?

नाना हसले. "चाला, आते मना हातले बी रविवारनी सुट्टी." म्हातारी माणसं चिडली, तर सगळ्यांनी पाळायलाच हवं असं नानाच त्यांना समजावत फिरले — "हुकूम शे, बठ्ठासनी पाळानं." माझं खोटं त्यांनी घरोघर खरं करून दिलं.

चर्च भरलं. माझं कौतुक झालं. मी मात्र दर रविवारी दाराकडे बघायचो — कार्यालयातलं कुणी आलं तर?

एके रविवारी जळगावहून साहेब आलेच. उपासनेच्या शेवटी नाना हात जोडून उभे राहिले. "साहेब, तुमना हुकूम आमी बठ्ठासनी पाळा. पन मना मयतमा तरी ढोलक वाजी का?"

"कसला हुकूम?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

आणि मी काय केलं — "आपण प्रार्थना करू या," म्हणालो. सगळ्यांनी डोळे मिटले. नानांनीही, उभ्या उभ्याच. मी प्रार्थना लांबवत राहिलो, मध्ये कुणाला बोलता येऊ नये म्हणून. आमेन होताच साहेब पुढच्या गावच्या उपासनेला घाईनं निघाले.

नानांना हे कळलं असेल का? याची भीती वाटते — आणि कळलं नसेल, तर त्याहून जास्त.

परवा त्यांना पत्र पाठवलं. बारीक दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत:

"नाना, हुकूम कुणाचाच नव्हता. ढोलक मी बंद केलं आणि नाव कार्यालयाचं घेतलं. त्या दिवशीची प्रार्थना देवासाठी नव्हती, तुमचा प्रश्न बुडवायला होती. येत्या रविवारी हे मंडळीसमोर सांगणार आहे."