सासऱ्यांना किआन्ती कशी कळते?

मंडळी, मी उगाच संशय घेतेय का, तुम्हीच सांगा.

पुण्याहून सासू-सासरे आमच्याकडे लंडनमध्ये हाउन्सलोला आलेत. सासरे म्हणजे ‘आयुष्यात थेंबाला शिवलो नाही’वाले. ते यायचे म्हटलं की आम्ही वाइनच्या बाटल्या लॉफ्टमध्ये लपवतो. आज मात्र धीर करून त्यांच्यासमोरच जेवताना किआन्ती उघडली. इटालियन रेड.

पहिला घोट आंबट आणि चांगलाच तुरट लागला. मी नवऱ्याला म्हटलं, “ऑफरमध्ये खराब बाटली गळ्यात मारली वाटतं.”

मोबाइलमधून डोकं वर न काढता सासरे म्हणाले, “अगं, ती तशीच असते. नुसती पिऊ नकोस. टोमॅटो घातलेल्या मटणाबरोबर घे. रस्सा फार तिखट असला तर मात्र तोंडात आग होईल.”

मटणाबरोबर घेतली. अगदी मस्त जुळली.

“बाबा, तुम्हाला कसं माहीत?”

“वाचलंय कुठेतरी.”

सासूबाई ताटात बघत म्हणाल्या, “उघडून अर्धा तास ठेवायची असते.”

मागच्या वेळी ते परत गेल्यावर लॉफ्टमधल्या बाटल्यांत एक कमी भरली होती. नवऱ्यानेच संपवली असं समजून मी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

आता सॉरी नेमकं कोणी कोणाला म्हणायचं?