भूल देणारा खोलीत थांबतो

मी पदवीधर झालो तो आमच्या रसायनशास्त्राच्या सरांमुळे, आणि सरांइतका संशयी माणूस नायगावात शोधून सापडणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सरांनी मला चाळीतल्या आपल्या खोलीत बसवून शिकवलं. महाशिवरात्रीला सर देवळाबाहेर पाण्याची बादली घेऊन उभे. धोतरा वाहून आलेल्या प्रत्येक बाईला म्हणायचे, "वहिनी, आधी हात धुवा, मग पोराला प्रसाद भरवा." एक बाई फणकारली, "महादेवाला चालतो ना?" "महादेवाने हलाहल पचवलं. तुमचा बंड्या पचवेल?" लग्नात अनोळखी माणसाच्या हातचा विडा ते खात नसत. पूर्वी ठग याच धोतऱ्याने वाटसरूंना गुंगवून लुटत, आणि कितीतरी वाटसरू पुन्हा उठलेच नाहीत, हे ते भर पंगतीत सांगत. मग त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे.

एकदा मी वहीत 'जमावाला भूल देणारा वायू' असं लिहिलं. सरांनी 'भूल' शब्दावर लाल काट मारली. "अरे, भूल देणारा खोलीत थांबतो. एकेक श्वास बघतो. वायू सोडणारा बाहेर उभा असतो." मग परदेशातल्या एका नाट्यगृहाची गोष्ट सांगितली. अतिरेक्यांच्या तावडीतून ओलिसांना सोडवायला सरकारी जवानांनी आत गुंगीचा वायू सोडला, आणि त्यात ओलीसच शंभरावर मेले. "सोडवायलाच गेले होते रे," म्हणाले, आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

पुढे मला असलेच वायू बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो.

"कुणी मरत नाही सर, नुसते पडतात."

"उताण्या पडलेल्याची जीभ मागे गेली, तर त्याला कुशीवर कोण वळवणार? तू?"

पेढा त्यांनी घेतला नाही. दाराशी सोडायलाही आले नाहीत. आठ दिवसांनी मी त्यांना पत्र पाठवलं:

'गुरुवर्य सरांना साष्टांग नमस्कार. सोमवारी रुजू व्हायचं होतं, गेलो नाही. कंपनीतले साहेब म्हणाले, तू नाही तर दुसरा येईल. येईलही. बाबांनी गावच्या एसटी स्टँडवर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. नोकरी नाकारल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी गावी जातोय. तुम्ही बरोबर याल का? बाबा माझं ऐकायचे नाहीत. मास्तरांपुढे मात्र ते अजून उभेच राहतात.'