हंबीररावांच्या पाचरी

साहेब तपासणीला येणार म्हटलं की आधी चुना मारायचा, हे हंबीरराव पलटणीत शिकले आणि पेन्शनीवर आले तरी विसरले नाहीत. पाटणजवळच्या आमच्या गावात देवळापुढचा दगडी नगारखाना त्यांच्या ताब्यात. सकाळ-संध्याकाळ वरच्या मजल्यावर चढून नगारा वाजवल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. किल्लारीच्या भूकंपानंतर कुणीतरी तक्रार केली आणि नगारखाना पाडायचा की ठेवायचा, हे ठरवायला सांगलीच्या एका कॉलेजातून संयोगिताबाई आल्या. सोबत वायरी, यंत्रांचे डबे आणि कॉम्प्युटर.

त्या यायच्या आधीच्या आठवड्यात हंबीररावांनी काय करावं? वरच्या खिळखिळ्या लाकडी खांबांच्या सांध्यांत बाभळीच्या पाचरी ठोकल्या, भेगांत सिमेंट भरलं आणि वरून चुना ओढला. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तसं.

बाईंनी भिंतींवर डबे बसवले. वाऱ्यानं, रस्त्यावरच्या ट्रकनं दगडी इमारतही हलते, आपल्याला कळत नाही एवढंच. ते हलणं डबे टिपत. कॉम्प्युटरात बाईंनी नगारखान्याची नक्कल उभी केली होती. खऱ्याचं आणि नकलेचं हलणं जुळेपर्यंत त्या आकडे बदलत बसल्या, मग नकलेला भूकंपाचे हादरे देऊन पाहिले.

"आबा, इमारत भक्कम आहे," त्या हसून म्हणाल्या. "यात्रेला वर माणसं चढली तरी काळजी नाही."

हवं तेच मिळालं, तरी म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. यात्रेत पालखी बघायला निम्मं गाव वर चढतं, आणि त्यात त्यांची नात सगळ्यांच्या पुढं.

"बाई, ह्ये खरं न्हाई," ते म्हणाले. "खांबात पाचरी मी ठोकल्यात. भेगा बी मीच बुजवल्यात. चुकलं माझं."

बाई चिडल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. सगळं काम वाया गेलं होतं. हंबीररावांनी आपल्याच हातानं पाचरी उपटल्या, सिमेंट खरवडलं. पुन्हा मोजणी झाली. या खेपेला हादरे देताच नक्कल वरच्या मजल्यावर फाटली, खालचा दगडी भाग टिकला. नगारखाना वाचला, पण वरचा मजला कायमचा बंद झाला आणि नगारा खाली ओट्यावर आला. तिथून आवाज वस्त्यांवर पोचेना, तसा गावानं त्यांनाच बोल लावला. गप बसायला काय झालं होतं, असं आमच्यातलेच शहाणे म्हणाले. मला त्या शहाण्यांचा अजून राग येतो.

यात्रेला हंबीरराव जिन्यात काठी आडवी धरून बसले. नात रुसली. "आबा, तुमी तर रोज चढायचा की."

"व्हय," ते म्हणाले. "तवा पडलो असतो तर मी एकलाच पडलो असतो."