पानाचं टोक

पत्रेवाला छतांच्या पन्हळी करायचा, पण त्यांचं पाणी हटकून तोंडाखालून माघारी वळायचं आणि भिंतीवर ओघळायचं. तो कपाळाला हात लावून बसला, तेव्हा थोरली ताई म्हणाली, "कुंडीतल्या पानाकडे बघ की मेल्या! पाणी टोकाशी येतं नि टपकन सुटतं. माघारी फिरतं का कधी?"

मग तीन वर्षं दोघं नळाखाली पानं धरून बसायची. ती कागद कापायची, तो पत्रा. अकरा तोंडं भंगारात गेली. बारावं, निमुळतं आणि खाली झुकलेलं, शाळेवर बसवलं. भिंत कोरडी ठणठणीत!

हेडमास्तरांनी खूश होऊन विचारलं, "हे डोकं कुणाचं?"

"माझंच," तो शिडीवरून म्हणाला. जीभ रेटली तरी कशी! शिडी खालून ताईनंच धरली होती. तिनं ती जराही हलू दिली नाही.

आता पन्हळींच्या सांध्यातली गळती काही केल्या त्याला थांबवता येत नाही. पानं घेऊन तो ताईकडे जातो. ती चहा देते, मुलाबाळांची चौकशी करते आणि पानांकडे न बघताच म्हणते, "तुझंच डोकं चालव. चांगलं चालतं."