नाल्याची लाल रेघ

मंगळवारी सकाळी सिव्हिक सेंटरमधल्या आमच्या ऑफिसात डोकं फिरलं. अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहितेय.

पाऊस पडला की नाल्यात पाणी किती चढेल, ते आमचं सॉफ्टवेअर काढून देतं. ते लिहितेही मीच आणि अडलेल्या इंजिनियरांचे फोनही मीच घेते. फोन साहूजींचा होता, सरकारी खात्यातले सब-इंजिनियर. मरोद्याकडे एका वस्तीला लागून नाला आहे, त्याच्या संरक्षक भिंतीचं डिझाइन करताहेत.

"मॅडम, पानी की लाइन लाल आ रही है. साहब बोले, हटवाओ."

लाल म्हणजे पाणी भिंतीवरून वस्तीत शिरणार. आणि हटवायचं काय? पाणी नाही... रंग!

मी सुटलेच. पाण्याला रिपोर्ट वाचता येतो का? साहेबांची सही बघून ते दारात थांबणार आहे का?

केबिनमधून आमचे मालक गजूभाऊ ओरडले, "अवं, कस्टमर हाय तो! दे ना काढून. कावून भाषण देऊन राहिली?"

मी साहूजींची फाइल मागवली. चूक शोधून त्यांच्याच तोंडावर मारायची होती...

फाइल चोख निघाली. नाल्यात गाळ, बेशरमची झुडपं, म्हणजे पाणी अडणार आणि चढणार. नाला पाण्याला किती अडवतो, तो खडबडीतपणाचा आकडा या माणसाने स्वतः नाल्यात उतरून ठरवला होता.

"पिछले नालों में तो कभी लाल नहीं आया," ते हळूच म्हणाले. "तब वो खाना हम छूते नहीं थे, मॅडम. आपके यहाँ से जो भरा आता था, वही रहने देते थे."

खाना म्हणजे त्या आकड्याचा रकाना. त्यात आमच्याकडून भरलेलं काय यायचं? नव्या, गुळगुळीत काँक्रीटचा आकडा. त्यावरून पाणी झर्रकन निघून जातं, लाल रेघ येतच नाही. तो कोणी भरला होता? मी. पहिल्या डेमोत लाल दिसू नये म्हणून... आणि मग तसाच राहिला.

किती भिंती ठेंगण्या बांधल्या गेल्या असतील? आणि मी फोनवर दुसऱ्याला पाण्याचं प्रवचन देत होते!

त्याच दिवशी तो रकाना रिकामा केला. आता आकडा भरल्याशिवाय गणित पुढे सरकत नाही. जुन्या सगळ्या कस्टमरांना पत्र पाठवलं, चूक माझी म्हणून. फोन दुप्पट झालेत, गजूभाऊ धुमसताहेत... धुमसू देत.

काल साहूजींचा मेसेज आला. "साहब मान गए, दीवार ऊँची होगी. अब पुराने नालों की फाइलें खोल रहा हूँ." खाली एका जुन्या नाल्याच्या नव्या गणिताचा, स्क्रीनवरून काढलेला फोटो. रेघ लालभडक.

साहूजी, तुम्ही चिखलात उतरलात म्हणून मला माझी चूक दिसली. आभार... आणि त्या दिवशी आवाज चढवला, त्याची इथे सगळ्यांसमोर माफी.