हातपंपाच्या पाण्याचा नमुना

“बाटल्या भरायला तुमच्या वस्तीला कोण शिकवणार? पण ही बाटली वेगळी. हात लावू नकोस.”

पाण्याचा नमुना घ्यायला आलेला साहेब असं म्हणाला आणि हातपंपाभोवतीची गावातली माणसं हसली. आमच्या वस्तीत पूर्वी हातभट्टी लागायची, हे सगळ्यांना ठाऊक. आईला जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. माझं डोकं भादरलेलं होतं. तेही कोणाला दिसलं नाही.

जामखेड रस्त्याकडेची आमची वस्ती उतारावर आहे. वर रंगाचा कारखाना. त्याच्या मागे थिनरची पिंपं वर्षानुवर्षं गळत राहिली आणि ते सगळं मातीत मुरलं. सगळ्यांत आधी आईच म्हणाली होती, “पान्याला वास येतोय रं.” तरी ती तेच प्यायली. दुसरं नव्हतं. ती त्या पाण्याने गेली असं मी म्हणत नाही. कोणी तपासलंच नाही.

पुष्कळ अर्जांनंतर कारखान्याने टँकर सुरू केला आणि एक यंत्र आणलं. जमिनीत पाइप उतरवले. यंत्र मातीतली वाफ ओढून घ्यायचं. माती साफ झाली तरच खालचं पाणी वाचणार होतं. नमुना स्वच्छ आला की यंत्र काढून नेणार होते. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळतो, वाचता येतं, म्हणून मला पंच केलं होतं.

नमुन्याच्या पेटीत सूचनांचा कागद होता. तो मी वाचला. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको, लगेच झाकण लावून बर्फात ठेवायची. कारण हे विष उडून जातं. साहेबाच्या माणसाने पाणी बादलीत काढलं. बादली उन्हात ठेवली. सगळ्यांचा चहा झाला. मग बाटली अर्धी भरली.

मी एवढंच म्हणालो होतो, “साहेब, बाटली पूर्ण भरावी लागते. यात लिहिलंय.” त्यावर ते वाक्य. मग त्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि चहाच्या ग्लासाखाली ठेवला.

पंचनामा पुढे आला. ‘नमुना नियमाप्रमाणे घेतला.’

माझे चुलते, नाना, कानाशी आले. “कर रं सही. आपली काय ताकद हाय? उद्या टँकर बंद केला तर काय पिनार?”

नमुना स्वच्छ आला तर टँकर बंदच होणार होता. नानांना कसं सांगू? माझा हात पेनाकडे गेला. हे लपवत नाही. आजवर साहेबलोकांनी जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली आहे.

मी पेन खाली ठेवलं. “नाही करणार. मी पाहिलं ते यात नाही.”

“शिकले की हे असं होतं यांचं,” साहेब म्हणाला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने लिहिलं, ‘पंच गैरहजर.’ हसणाऱ्यांतल्या दोघांनी सह्या केल्या.

नमुना स्वच्छ आला. यंत्र क्रेनने उचललं, पाइप जमिनीलगत कापले. मी रस्त्याकडेला उभा होतो. काहीच करू शकलो नाही. टँकर बंद झाला. वस्ती पुन्हा तेच पाणी पिते आहे. नाना माझ्याशी बोलत नाहीत.

त्या पंचनाम्याची नक्कल मी मागितली आहे. दोनदा मला परत पाठवलं. तिसऱ्यांदा मागणार, चौथ्यांदा मागणार. नक्कल मिळाली की त्यातल्या ‘गैरहजर’ची दुरुस्ती मागणार. मी तिथे हजर होतो, हे त्यांना त्यांच्याच हाताने लिहावं लागेल.